टीव्हीवर व्हिडिओ सारखा अडकतोय? नवा टीव्ही घेण्याआधी या क्रमाने तपासा

ओळखीपाळखीच्या लोकांचे टीव्ही मी वरचेवर बघून देतो आणि त्यात एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते: ऑनलाइन व्हिडिओ मध्येच थांबतो, गोल चक्र फिरत राहतं. मला विचारेपर्यंत बहुतेकांच्या मनात ठरलेलं असतं की टीव्ही जुना झाला, किंवा इंटरनेटचा प्लॅन कमी पडतोय. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या अंतरात, नाहीतर टीव्हीच्या मागच्या एखाद्या जोडणीत सापडतो आणि फुकटात किंवा किरकोळ खर्चात दुरुस्त होतो. म्हणून खालच्या पायऱ्या वगळू नका. फुकटच्या तपासण्या आधी आहेत, खिशाला हात लावणाऱ्या शेवटी.

आधी लक्षण नीट ओळखा

अडकण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. तुमच्याकडे यातलं काय होतं ते एक-दोन दिवस लक्ष देऊन बघा:

- चित्र थिजतं, चक्र फिरतं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू होतं. डेटा वेळेवर पोचत नाहीये.
- व्हिडिओ थांबत नाही, पण मध्येच धूसर होतो, चेहऱ्यांवर चौकोन दिसतात, मग पुन्हा स्वच्छ होतो. डेटा येतोय, पण कमी-जास्त होतोय.
- दिवसभर ठीक, रात्री ठरावीक तासांत त्रास. हा गर्दीचा परिणाम आहे, मग ती लाईनवरची असेल नाहीतर हवेतल्या वायफायची.
- अर्धा-पाऊण तास छान चालतं, मग अडखळायला लागतं. बंद करून जरा वेळाने लावलं की पुन्हा छान. तापणं किंवा भरलेली मेमरी.
- एकाच ॲपमध्ये त्रास, बाकी सगळं सुरळीत. दोष त्या ॲपमध्ये किंवा त्या सेवेत.
- मेन्यूसुद्धा रेंगाळतो, रिमोटचं बटण दाबल्यावर मग कधीतरी हलतो. इंटरनेटचा यात काही संबंध नाही, टीव्हीचा प्रोसेसर थकलाय.
- चक्र कधीच फिरत नाही, पण कॅमेरा आडवा फिरला की चित्र हिसके देतं.

शेवटच्याचं उत्तर इथेच देऊन टाकतो, कारण त्यापायी लोक विनाकारण प्लॅन वाढवतात. चित्रपट सहसा सेकंदाला २४ फ्रेमचा, म्हणजे २४ स्थिर चित्रांचा असतो आणि पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते. हिसके त्यातून येतात. टीव्हीच्या किंवा स्टिकच्या (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टमध्ये खोचायचं व्हिडिओ दाखवणारं छोटं उपकरण) डिस्प्ले सेटिंगमध्ये फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा.

आत काय चालतं

व्हिडिओ एकसंध येत नाही. तो काही सेकंदांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकडा चार-सहा दर्जांत तयार असतो. ॲप येणाऱ्या वेगाचा अंदाज घेऊन पुढचा तुकडा कोणत्या दर्जाचा मागवायचा ते ठरवतं आणि थोडा साठा पुढे करून ठेवतं. गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे: वरून पाणी कमी आलं तरी टाकीत आहे तोवर नळ चालतो. ॲप आधी दर्जा उतरवून बघतं, म्हणून चित्र धूसर होतं. त्यानेही भागलं नाही आणि साठा संपला की चक्र. यातून एक गोष्ट निघते. सरासरी वेग चांगला असून उपयोग नाही, वेग सलग टिकला पाहिजे. १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट डेटा देणारी) लाईन दर मिनिटाला दहा सेकंद बंद पडत असेल, तर २० एमबीपीएसची स्थिर लाईन तिच्यापेक्षा बरी.

पहिली पायरी: दोष कुणाकडे आहे

टीव्हीच्या अगदी शेजारी उभं राहून, त्याच वायफायवर, तोच व्हिडिओ फोनवर लावा. फोनवरही अडकला तर टीव्हीला सोडा, वायफाय किंवा लाईन बघायची. फोनवर सुरळीत चालला तर टीव्हीकडे वळा. मग टीव्हीवर दुसरं ॲप लावून बघा. एकच ॲप रुसलं असेल तर त्यातून लॉग आउट करा, ॲप काढून पुन्हा टाका. तरीही तसंच असेल तर एक दिवस थांबा. सेवेच्या सर्व्हरवरची अडचण तुमच्या घरातून सुटणार नाही.

दुसरी पायरी: खरोखर बंद करा

रिमोटने टीव्ही बंद केला तरी तो पूर्ण बंद होत नाही. पटकन सुरू व्हावा म्हणून आतली बरीचशी यंत्रणा झोपेत ठेवलेली असते आणि उघडी ॲप मेमरी अडवून बसतात. टीव्हीमध्ये मेमरी आधीच तुटपुंजी असते, अनेक मॉडेलमध्ये दीड-दोन जीबीच. त्यामुळे भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा, एक मिनिट थांबा, मग लावा. त्याच फेरीत आधी मोडेम किंवा फायबरचा डबा, त्याचे दिवे स्थिर झाल्यावर राउटर आणि शेवटी टीव्ही असं चालू करा. क्रमाला कारण आहे: राउटर आधी उठला आणि लाईन अजून तयार नसली, तर काही राउटर अर्धवट जोडणी धरून बसतात.

याने एक आठवडा बरं वाटून त्रास परत आला, तर फक्त मेमरी रिकामी झाली होती असं समजा आणि पुढे जा.

तिसरी पायरी: तारीख, जागा, अपडेट

सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ बरोबर आहे ना ते बघा. वेळ चुकीची असली की टीव्हीला सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटतं आणि ॲप उघडतच नाही, किंवा उघडून नेटवर्कची चूक दाखवतं. तारीख बरोबर असूनही जुन्या टीव्हीत हेच होऊ शकतं, कारण त्याच्या आत साठवलेली मूळ प्रमाणपत्रंच संपलेली असतात. ३० सप्टेंबर २०२१ ला असंच एक फार वापरातलं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अपडेट न मिळालेली कितीतरी जुनी उपकरणं अचानक साइटशी बोलेनाशी झाली. अशा टीव्हीत काहीच बिघडलेलं नसतं. त्याला बाहेरून स्टिक लावली की प्रश्न मिटतो.

स्टोरेजही बघा. जागा जवळपास भरली असेल तर ॲप आपली तात्पुरती साठवण करू शकत नाही आणि मध्येच बाहेर फेकतं. कधी न उघडलेली ॲप काढून टाका, मग सिस्टिम अपडेट करा.

चौथी पायरी: आकडे वाचा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी तपासणी हीच, आणि नेमकी हीच कुणी करत नाही. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना सेटिंगच्या चाकात ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की कोपऱ्यात बारीक अक्षरांची पाटी येते. तिच्यातल्या तीन ओळींकडे लक्ष द्या.

‘बफर हेल्थ’ म्हणजे पुढे किती सेकंदांचा साठा आहे. ‘कनेक्शन स्पीड’ म्हणजे तुकडे कोणत्या वेगाने येताहेत. आणि ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ म्हणजे टीव्हीला वेळेत न जमल्यामुळे किती फ्रेम सोडून दिल्या.

आता व्हिडिओ अडकेपर्यंत पाटीकडे बघत बसा. बफर हेल्थ ४० वरून ३०, १५, ४ असं घसरत शून्याला आलं आणि मग चक्र फिरलं, तर दोष नेटवर्कचा. साठा ३०-४० सेकंदांचा भरलेला आहे, तरीही चित्र अडखळतंय आणि ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा चढत चाललाय, तर डेटा घरात पोचलेला आहे आणि टीव्हीलाच तो उलगडता येत नाहीये. पहिला प्रकार असेल तर पाचवीपासून पुढे वाचा, दुसरा असेल तर थेट आठवीवर जा (स्टिक वापरत असाल तर आधी पाचवी बघा). एवढ्या एका निदानाने निम्मी धावपळ वाचते.

वेग किती लागतो? नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२० दर्जाला ३, १०८० ला ५ आणि ४के ला १५ एमबीपीएस. एका वेळी घरात किती पडदे चालू असतात त्याने गुणा आणि थोडी सूट ठेवा. ४के ला तासाला साधारण ७ जीबी डेटा जातो, तेव्हा डेटाला मर्यादा असलेला प्लॅन असेल तर महिन्याच्या शेवटी-शेवटी अडकण्याचं कारण बहुधा तेच असतं: मर्यादा संपते आणि कंपनी वेग उतरवते. खात्यात शिल्लक बघायला पैसे पडत नाहीत.

वेग मोजायचा तो तीन ठिकाणी: राउटरला तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर, राउटरजवळ फोनवर आणि टीव्हीपाशी फोनवर. टीव्हीच्या ब्राउझरमध्ये मोजू नका. तो ब्राउझर इतका मंद असतो की आकडा लाईनचा न येता त्याचाच येतो. तारेवर ९०, राउटरजवळ ८० आणि टीव्हीपाशी ६ आलं, तर प्लॅन वाढवून ते ६ चे ७ सुद्धा होणार नाहीत.

व्हीपीएन (इंटरनेटची वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारी सेवा) चालू असेल तर बंद करून मोजा. डीएनएस बदलण्याचा सल्ला जिकडेतिकडे वाचायला मिळतो, पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. डीएनएस सर्व्हरचा पत्ता शोधून देतं, व्हिडिओ त्यातून वाहत नाही. उलट कधीकधी बाहेरच्या डीएनएसमुळे लांबच्या सर्व्हरकडे पाठवलं जातं. आधी कुणी बदलून ठेवलं असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’वर परत आणून फरक पडतो का बघा.

पाचवी पायरी: स्टिकची वीज आणि जागा

स्टिक वापरत नसाल तर पुढे चला. वापरत असाल तर ती कुठून वीज घेते ते बघा. टीव्हीच्या मागच्या यूएसबी पोर्टमधून घेत असेल, तर तिथे तुमचा गुन्हेगार असण्याची दाट शक्यता आहे. साधं यूएसबी २.० पोर्ट ०.५ ॲम्पिअर देतं आणि बऱ्याच स्टिकना १ ॲम्पिअर लागतो. मेन्यूत असेपर्यंत भागतं. मोठा व्हिडिओ उलगडायला लागली आणि वायफाय जोरात चाललं की वीज अपुरी पडते, स्टिक मंदावते किंवा आपोआप रिस्टार्ट होते. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतीतल्या पॉइंटला लावा.

दुसरी गोष्ट जागेची. स्टिक एचडीएमआय पोर्टमध्ये खोचली की ती टीव्हीची पाठ आणि भिंत यांच्या सांदीत बसते. पुढे धातूचा पत्रा, मागे भिंत, वरून टीव्हीची उष्णता. वायफाय तिथे धडपडतच पोचतं. स्टिकच्या खोक्यात बऱ्याचदा वीतभर लांबीची एचडीएमआय एक्स्टेन्शन येते, ती बहुतेक घरांत खोक्यातच पडून असते. ती लावून स्टिक कडेच्या बाजूला येऊ द्या. व्हिडिओ संपल्यावर स्टिकला हात लावून बघा: कोमट असणं ठीक, बोट टेकवत नसेल इतकी तापली असेल तर अर्ध्या तासानंतर अडखळण्याचं कारण सापडलं.

सहावी पायरी: वायफाय

खरा त्रास इथे असतो, म्हणून इथे वेळ द्या.

राउटर रेडिओ लहरींच्या दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी पार करतो, पण त्यावर गर्दी फार. शेजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा त्याच भागात गोंगाट करतात. ५ गिगाहर्ट्झ जवळ चालतो, भिंतीत अडतो, पण मोकळा आणि वेगवान असतो. टीव्ही राउटरच्याच खोलीत किंवा एका भिंतीपलीकडे असेल तर तो ५ वरच हवा.

अडचण अशी की बरेच राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि टीव्ही एकदा २.४ ला चिकटला की हलत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन नावं वेगळी करा आणि टीव्हीला फक्त ५ चं नाव द्या. नावं वेगळी केल्यावर ५ चं नाव टीव्हीच्या यादीत दिसतच नसेल, तर टीव्ही बिघडलाय असं समजू नका. राउटर ५२ ते १४४ मधल्या एखाद्या चॅनेलवर (वायफायच्या पट्टीतला क्रमांक दिलेला भाग) गेला असेल. हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात आणि काही टीव्ही व स्टिक ते वापरतच नाहीत. राउटरवर चॅनेल ३६, ४०, ४४ किंवा ४८ ठरवून टाका, नाव यादीत येईल.

टीव्ही लांब असल्यामुळे २.४ शिवाय पर्याय नसेल, तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. ३ किंवा ८ निवडला तर दोन्हीकडचा गोंगाट ऐकावा लागतो.

राउटरच्या जागेवरून मी लोकांशी वाद घालतो. तो दिसायला बरा नसतो म्हणून कपाटात, टीव्हीच्या मागे, जमिनीवर, आरशामागे लपवला जातो. धातू आणि आरशाचा मुलामा लहरी परतवतात, पाणी त्या शोषून घेतं, म्हणून फिश टँकच्या आडसुद्धा ठेवू नका. उघड्यावर, छातीच्या उंचीला, टीव्हीकडे कमीत कमी अडथळे राहतील असा ठेवा. दोन हात सरकवल्याने टीव्हीपाशी वेग कितीतरी पट झालेला मी पाहिलाय.

रिपीटर (वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा) घ्यायच्या आधी मात्र विचार करा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि जिथे सिग्नल आधीच मेलेला आहे तिथेच तो लावला, तर मेलेलाच सिग्नल पुढे जातो. तो राउटर आणि टीव्हीच्या अध्येमध्ये लावायचा असतो.

सातवी पायरी: तार ओढा, आणि घरातली चढती वाहतूक बघा

शक्य असेल तर टीव्हीला लॅनची तार द्या. लांब केबल तात्पुरती जमिनीवरून नेऊन एक संध्याकाळ चालवून बघा. त्रास गेला तर दोष वायफायचा होता हे पक्कं झालं, आणि मग कायमची तार टाकायची की नाही ते ठरवता येतं. बहुतेक टीव्हीचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे स्पीड टेस्टचा आकडा वायफायपेक्षा कमी येईल. घाबरू नका. ४के ला १५ लागतात आणि तारेवरचे ९० सलग मिळतात.

तारेवरही संध्याकाळी अडकत असेल, तर घरातून वर काय चढतंय ते बघा. फोन चार्जिंगला लावला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात, सुरक्षा कॅमेरे तर अखंड चढवत असतात. वर जाणारी वाट तुंबली की टीव्हीच्या ‘पुढचा तुकडा द्या’ या विनंत्यासुद्धा रांगेत अडकतात आणि खाली येणारा व्हिडिओ थांबतो. बॅकअप थांबवून बघा. फरक पडला तर राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएमची (वाहतुकीची रांग लावून देणारी) सोय शोधा आणि मर्यादा लाईनच्या खऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा.

आठवी पायरी: टीव्ही ठेवा, मेंदू बदला

साठा भरलेला असून फ्रेम गळतात, मेन्यू रेंगाळतो, ॲपला अपडेट येत नाहीत. अशा वेळी टीव्हीच्या पडद्यात काही खोट नसते, त्यातला प्रोसेसर मागे पडलेला असतो. सेवा जुन्या टीव्हींचा हातही सोडतात: यूट्यूबने २०१५ मध्ये जुनी यंत्रणा बंद केल्यावर २०१२ आणि त्याआधीच्या अनेक टीव्हींवरचं ॲप चालेनासं झालं. पडदा चांगला असेल तर फक्त स्टिक किंवा बॉक्स घ्या. नवा टीव्ही घ्यायचा झाला तरी माझा सल्ला हाच: पैसे पडद्याच्या दर्जासाठी मोजा आणि स्ट्रीमिंगसाठी वेगळा डबा ठेवा. पडदा दहा वर्षं टिकतो, त्यातली ॲप तितकी टिकत नाहीत.

घेताना काय बघायचं? एचईव्हीसी, व्हीपी९ आणि एव्ही१ हे तिन्ही कोडेक (व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या पद्धती) हार्डवेअरमध्ये उलगडणारा हवा. एव्ही१ नसलं तर आज भागेल, पुढे अडेल. वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा) वापरणारा डबा असेल तर तिचा एल१ दर्जा हवा. एल३ असलेल्या डब्यावर मोठ्या सेवा एचडीसुद्धा देत नाहीत, भले डब्यावर ४के छापलेलं असो. लॅन पोर्ट असलेला बॉक्स मिळाला तर स्टिकपेक्षा तो घ्या. ४के हवं असेल तर टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट एचडीसीपी २.२ चं (हेही कॉपी रोखणारं संरक्षण) आहे का तेही बघा; एकाच टीव्हीवर काही पोर्टना ते असतं, काहींना नसतं. काळा पडदा आला किंवा दर्जा वर चढेना, तर आधी पोर्ट बदला.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

टीव्हीचा मेन्यू उघडल्यावरही पडद्यावर रेघा दिसतात, चित्र लुकलुकतं, जळका वास येतो किंवा टीव्ही आपोआप बंद-चालू होतो: हा स्ट्रीमिंगचा प्रश्न नाही. प्लग काढा आणि मेकॅनिकला बोलवा. मागचं झाकण स्वतः उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. भिंतीतल्या विजेच्या पाइपातून लॅनची तार ओढायची असेल तर तेही वायरमनचं काम.

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा (LOS, म्हणजे सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागला, किंवा तारेने जोडलेल्या लॅपटॉपवर वेगवेगळ्या वेळी मोजूनही प्लॅनच्या निम्माच वेग येत असेल, तर कंपनीला कळवा. डब्याच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल पॉवरचा (फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा) आकडा दिसत असेल तर तोही सांगा. तो −२७ डीबीएमच्या खाली, म्हणजे −२८, −२९ असा असेल तर लाईनवर कुठेतरी वाकलेली फायबर किंवा मळलेला जोड आहे. फायबरचं टोक काढून त्यात डोकावू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. आणि त्या डब्याच्या रिसेटच्या छिद्रात टाचणी घालू नका. कंपनीने भरलेली माहिती पुसली गेली तर आहे ती लाईनही बंद पडते.

तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस डबा रिस्टार्ट करायला लावून फोन ठेवेल. तारेवरचा वेग, टीव्हीपाशीचा वेग, कोणत्या वेळी मोजला आणि बफर हेल्थ शून्यावर गेलेल्या पाटीचा फोटो, इतकं हाताशी ठेवा. आकडे रात्रीचे हवेत. माणूस बघायला येईल तो दिवसा, आणि तेव्हा लाईन सुरळीत चाललेली असेल.